तागा, गज आणि कात्री : कापडटंचाईच्या दशकातील कोल्हापूरचा शिंपी

करवीरनगरीचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी साहजिकच राजवाड्याकडे, तालमींकडे आणि चित्रपटनिर्मितीच्या वैभवशाली पर्वाकडे वळते. पेठांचा आणि बाजाराचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. कापड विकणाऱ्याच्या ओट्यावर शिलाई यंत्र मांडून आयुष्य वेचणाऱ्या कारागिराचा इतिहास तर लिहिलाच जात नाही. त्याच्याकडे जुने दप्तर नसते. मापांची वही असते, आणि ती भरली की रद्दीत जाते. या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा हाच विषय मनात आला. त्याला आणखीही एक कारण आहे. कापड आणि शिवण या दोन्ही व्यवसायांशी आपल्या समाजाचा संबंध फार जुना आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याची जी गॅझेटियर तयार झाली, त्यांत जैन शिंप्यांची स्वतंत्र नोंद आढळते, आणि सैतवाळ मंडळींचा पिढीजात धंदा कापडविक्रीचा व शिवणकामाचा होता हे जाणत्यांना ठाऊक आहेच. गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होई. या व्यवसायात नामदेव शिंपी समाजाचा वाटा तर सर्वांत मोठा.

ज्या काळाविषयी लिहावयाचे तो साधारणपणे १९४३ ते १९५३ या दहा वर्षांचा. भारत सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम जून १९४३ मध्ये काढला आणि किंमत व वाटप यांवरील नियंत्रणे १९५३ साली उठली. मधल्या काळात महायुद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. एवढी उलथापालथ होऊनही सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने एक गोष्ट कायम राहिली. अंगावर घालावयास पुरेसे कापड मिळत नव्हते.

युद्धापूर्वीची स्थिती निराळी होती. मुंबई, सोलापूर, अहमदाबादच्या गिरण्यांचे कापड होते, विलायती कापड होते आणि स्वस्त जपानी कापडही बाजारात होते. खुद्द कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेली शाहू छत्रपती मिल होती. इचलकरंजीत जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने विणकामाचा धंदा वाढला होता आणि विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग चालविला होता. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि जपानी माल एकाएकी बंद झाला. विलायतेच्या मालाला जहाजे मिळेनात. देशी गिरण्यांवर लष्करी मागणीचा भार पडला. गणवेश, तंबू, पट्ट्या, शिवाय मध्यपूर्व व आफ्रिकेकडे होणारी निर्यात हे सारे आधी भागवावयाचे आणि उरेल ते रयतेला द्यावयाचे, असा क्रम लागला. भाव इतके भडकले की सरकारला हस्तक्षेप करावाच लागला. ताग्यावर कमाल किरकोळ किंमत छापली जाऊ लागली. प्रांतांना व संस्थानांना वाटपाचे कोटे ठरले. ‘स्टँडर्ड क्लॉथ’ या नावाचे जाडेभरडे स्वस्त कापडही निघाले.

युद्ध संपल्यावर हे हाल संपतील अशी सर्वांची समजूत होती, आणि नेमकी तीच खोटी ठरली. गिरण्यांचे उत्पादन युद्धकाळात सुमारे ४८० कोटी वारांपर्यंत चढले होते, ते १९४७ मध्ये ३८० कोटींच्या खाली आले. अहोरात्र चालवून झिजलेली यंत्रे बदलता आली नव्हती. कोळसा व रेल्वेच्या वाघिणी यांची टंचाई होती. ऑगस्ट १९४६ पासून कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ही सुधारणा न्याय्यच होती, पण तिचा परिणाम उत्पादनावर झाला. संप आणि दंगे यांनी गिरण्या वारंवार बंद पडत. त्यातच फाळणी झाली. चांगल्या लांब धाग्याचा कापूस पिकविणारा सिंध व पश्चिम पंजाब पाकिस्तानात गेला आणि बहुतेक सगळ्या गिरण्या भारतात राहिल्या. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि दोन देशांमधील व्यापारच अडून बसला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट ते ऑक्टोबर १९५० या काळात, मुंबईच्या गिरणी कामगारांचा दोन महिने संप झाला. योजनाकारांच्या आकड्यांत १९५०-५१ सालचे गिरण्यांचे उत्पादन सुमारे ३७२ कोटी वार दिसते, म्हणजे युद्ध संपून पाच वर्षे झाली तरी गाडी पूर्वपदावर आलेली नव्हती.

या आकड्यांचा कोल्हापूरच्या शिंप्याशी संबंध काय, असे वाचक विचारतील. येथेच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. कापड कमी झाले म्हणजे शिवणकाम त्याच प्रमाणात कमी झाले, असा सरळ हिशेब आपण मनात मांडतो. प्रत्यक्षात शिंप्यावर आलेला घाला त्याहून कितीतरी मोठा होता, आणि त्याचे कारण आपल्या पोशाखाच्या घडणीत आहे. त्या काळच्या आपल्या पोशाखाचा मोठा भाग न शिवलेला होता. बाईचे नऊवारी लुगडे, पुरुषाचे धोतर, डोक्याचा फेटा, खांद्यावरचे उपरणे हे सारे मागावरून किंवा ताग्यातून उतरले की थेट अंगावर. शिंप्याच्या वाट्याला चोळी, सदरा, बंडी, मुलांचे कपडे आणि पांढरपेशांचा कोट-टोपी एवढेच.

आता एक साधा हिशेब करून पाहू. टंचाईच्या वर्षांत माणशी वर्षाला बारा वार कापड धरले, तर पाच माणसांच्या घराला साठ वार मिळतील. घरात सासू-सून अशा दोन बायका. प्रत्येकीला वर्षाची दोन लुगडी म्हटली तरी छत्तीस वार तेथेच संपले. उरले चोवीस. घरातील दोन पुरुषांना एकेक धोतरजोडी घेतली की त्यांतील अठरा-वीस वार गेले. मागे राहिले चार-सहा वार, आणि त्यांत दोघींच्या चोळ्या, पुरुषांचे सदरे व पोराचा कपडा! लाज राखणारे वस्त्र आधी आणि शिवलेले वस्त्र मागाहून, हा क्रम कोणत्याही घरात न सांगता पाळला जात होता. कापड तिसऱ्या हिश्शाने घटले असेल तेव्हा शिंप्याकडे येणारे नवे काम निम्म्याहूनही खाली का गेले असावे, याचे उत्तर या घरगुती हिशेबात आहे.

विलायतेशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून मार्च १९४९ पर्यंत कपड्यांवर कूपनपद्धती होती. तेथील पोशाख मुळातच शिवलेला असल्याने सरकारने थेट शिंप्याच्या कात्रीलाच नियम घातले. विजारीला तळाशी दुमड नको, खिसे अमुकच, बटणे अमुकच, चुण्यांना मर्यादा. हौशी गिऱ्हाईक मुद्दाम लांब विजार घेई आणि घरी जाऊन तिची दुमड घालून घेई, असे तेथील गमतीदार किस्से आहेत. आपल्याकडे कात्रीवर असा कायदा आला नाही. परिस्थितीनेच तो घातला.

हा परिस्थितीचा कायदा शिंप्यांनी कसा पाळला, हा या कहाणीतील मला सर्वांत आदरणीय वाटणारा भाग आहे. वकील, मास्तर, कचेरीतील कारकून यांच्यासाठी कोट ही चैन नव्हती, नोकरीची गरज होती. नवा कोट परवडेना आणि कापडही मिळेना, तेव्हा जुना कोट उलटविण्याचे काम येऊ लागले. कोट उलटविणे म्हणजे सारी शिवण उसवायची, प्रत्येक तुकडा सुटा करायचा, झिजून चकाकलेली बाजू आत घालायची आणि आतली ताजी बाजू वर आणून पुन्हा शिवायचे. नव्या कोटापेक्षा याला वेळ अधिक लागतो, कारण उसवताना कापड फाटू द्यावयाचे नसते आणि जुन्या शिवणीची भोके लपवावयाची असतात. छातीचा खिसा मात्र लपत नसे. तो डावीकडून उजवीकडे येई, आणि उजव्या छातीवर खिसा असलेला कोट दिसला की जाणकार ओळखत. सदऱ्याची कॉलर विरली की ती उलटवून बसवीत. ती दोन्हीकडून विरली की मागच्या पाठीच्या खालच्या भागातून तुकडा काढून नवी कॉलर करीत आणि त्या जागी, विजारीत वा धोतरात झाकले जाईल असे, दुसऱ्या कापडाचे ठिगळ लावीत. जुन्या धोतराचा विरलेला मधला भाग काढून टाकून काठाकडच्या भागाची बंडी होई, कोटाला अस्तरही होई. लुगडे फाटले की त्यातून परकर, परकरातून झबली, आणि शेवटी उरलेल्या चिंध्यांची वाकळ. लष्करातून सुटून घरी परतलेल्या जवानांचे खाकी कपडे आणि ग्रेटकोट यांतून पोरांचे कोट निघत. राजाराम रायफल्ससारखी पलटण आणि फौजेत गेलेल्या खेड्याखेड्यांतील जवानांमुळे हा खाकी रंग आपल्या भागात थोडाथोडका नव्हता.

‘वाढत्या अंगाचे’ कपडे शिवण्याची रीत जुनीच, पण या काळात ती नियम बनली. पोराची चड्डी शिवताना पोटाशी आणि पायाशी दोन-दोन बोटे कापड आत दुमडून ठेवावयाचे आणि दरवर्षी थोडे थोडे सोडावयाचे. चड्डीच्या पायाशी गडद रंगाचे आडवे पट्टे दिसत. कपड्याला किती वर्षे झाली हे त्यावरून मोजता येई! माझ्या पिढीतील अनेकांनी मोठ्या भावाचे असे पट्टेदार वारसे अंगावर वागविले आहेत.

कसबाची एवढी परीक्षा असूनही पैसा मात्र नव्हता. उलटविण्याला आणि ठिगळाला नव्या शिलाईएवढी मजुरी कोण देणार? गिऱ्हाईकाच्या मनात कापड नवे नाही म्हणजे कामही हलके, अशीच भावना असे. दोऱ्याची रिळे, यंत्राच्या सुया, सुटे भाग यांचीही टंचाई होती, कारण बहुतेक यंत्रे सिंगर कंपनीची, म्हणजे परदेशी. कलकत्त्याच्या उषा यंत्राचा जम अजून बसावयाचा होता. सुई मोडली की दिवस बुडाला, अशी अवस्था. उलटपक्षी कोट्याचे कापड आले की चार दिवसांत सगळा गाव दारात. दिवाळी आणि लग्नसराई यांच्या तोंडाशी माल सुटला की रात्र-रात्र कंदील लावून यंत्र चालवावयाचे आणि पुढचे दोन महिने पुन्हा हात रिकामे. ज्याच्याकडे स्वतःचे यंत्र नव्हते, भाड्याचे होते, त्याला हे रिकामे महिने परवडणे शक्यच नव्हते. पुष्कळ तरुण मुंबईची वाट धरीत, कोणी गिरणीत शिरत, कोणी शेतावर परतत.

टंचाईने आणखी एक वाईट गोष्ट केली. तिने शिंप्यावरचा विश्वास उणा केला. शिंपी कापड ‘मारतो’ हा संशय तसा सनातन आहे, पण कापड मुबलक असताना तो थट्टेवारी नेला जाई. वीत-वीत कापडाला मोल आल्यावर गिऱ्हाईक कात्री चालताना समोर बसू लागले, कतरण मोजून परत मागू लागले. ज्या माणसाने आपल्या कसबाने सव्वादोन वारात बसणारा कपडा दोन वारात बसविला, त्यालाच उरलेल्या पाव वाराचा जाब द्यावा लागे.

आता काळ्या बाजाराविषयी. संस्थेच्या स्मरणिकेत असे विषय टाळण्याची पद्धत आहे, परंतु इतिहास लिहावयाचा तर टाळून चालणार नाही. ताग्यावर छापलेली किंमत एक आणि हातात पडणारी किंमत दुसरी, हा अनुभव देशभर होता आणि करवीर त्याला अपवाद नव्हते. आपल्या भागाचा भूगोलही या व्यवहाराला सोयीचा होता. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड अशा संस्थानांच्या हद्दी आणि इंग्रजी मुलूख एकमेकांत इतके गुंतले होते की चार-सहा कोसांवर हुकूमत बदलावी. कापडाच्या व्यापारात आपल्या समाजातील घराणी होती, तशीच इतर अनेक समाजांतीलही होती. काळा बाजार ही कोणा एका जातीची वा पेठेची मिरास नव्हती. तरीही परिग्रहाच्या मर्यादेचा रोज पाठ करणाऱ्यांनी, त्या वर्षांत गोदामातील तागे आणि ओट्यावरचे रिकामे यंत्र यांत अंतर अवघ्या एका भिंतीचे होते, हे नोंदवून ठेवले पाहिजे. छापील भावाने माल देऊन गिऱ्हाईक राखणारे दुकानदारही होते. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत.

नियंत्रण असावे की नसावे, यावर त्या काळी फार मोठा वाद झाला. महात्मा गांधींचे मत नियंत्रणाविरुद्ध होते. नियंत्रणाने लाचलुचपत वाढते, आणि ज्या देशात कोट्यवधी हात कातू शकतात तेथे कापडाचा दुष्काळ असण्याचे कारण नाही, असे ते १९४७ च्या अखेरीस प्रार्थनासभांतून सांगत. जानेवारी १९४८ मध्ये सरकारने कापडावरील नियंत्रण उठविले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला त्यांची हत्या झाली. त्यानंतर कोल्हापुरात जाळपोळ व लूट झाली, आणि आधीच विस्कटलेली बाजारपेठ भेदरून गेली. इकडे मोकळे सोडलेले भाव खाली येण्याऐवजी झपाट्याने चढले. व्यापारी आणि गिरणीवाले संयम पाळतील ही अपेक्षा सहा महिनेही टिकली नाही, आणि जुलै १९४८ च्या अखेरीस सरकारला पुन्हा नियंत्रणाकडे वळावे लागले. माझ्या मते या प्रसंगात गांधीजींचे अर्धे म्हणणे खरे ठरले आणि अर्धे आपण खरे होऊ दिले नाही. नियंत्रणातील भ्रष्टाचार त्यांनी अचूक ओळखला होता, पण सूत कातणारे हात पुढे आलेच नाहीत.

शिंप्याच्या दृष्टीने नियंत्रणातही एक मूळ उणीव होती. कोटा गिरणीला होता, घाऊक व्यापाऱ्याला होता, परवानाधारक दुकानाला होता आणि गिऱ्हाईकाला होता. शिवणाऱ्याला मात्र स्वतःचा असा कोटा सहसा नसे. त्याने थोडे कापड घेऊन बंड्या, चड्ड्या, टोप्या शिवून विकावयाच्या म्हटले तर माल आणावा कोठून? स्वतःच्या भांडवलावर तयार कपड्यांचा छोटा धंदा उभारण्याची जी संधी पुढे इतरांनी घेतली, ती त्याला नेमक्या याच दशकात नाकारली गेली. विणकरांची स्थिती त्या मानाने बरी म्हणावी. त्यांना सुताची टंचाई सोसावी लागली, परंतु मागणी एवढी होती की सूत मिळेल तितके विकले जाई. गिरण्यांच्या कापडावर बंधने असताना इचलकरंजीच्या मागांना वाव मिळाला, आणि पुढे तेथील यंत्रमाग व्यवसायाचा जो विस्तार झाला त्याची काही मुळे या टंचाईतच शोधावी लागतात.

आता शहराच्या पूर्वेकडे वळू. वळिवडे येथे १९४३ पासून पोलंडमधील सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. बहुतेक स्त्रिया आणि मुले. रशियातील हद्दपारीतून सुटून, इराणमार्गे ती येथे आली होती. १९४८ पर्यंत ती मंडळी पांगली, बराकी रिकाम्या झाल्या, आणि त्या बराकींत फाळणीने घरदार गमावलेले सिंधी बांधव येऊन राहिले. वसाहतीला गांधीनगर असे नाव मिळाले. ज्या सिंधचा कापूस आपल्या गिरण्यांना दुरावला होता, त्याच सिंधची माणसे कोल्हापूरच्या वेशीवर येऊन उतरली. शेती नाही, ओळखदेख नाही, हाती असलेली विद्या फक्त व्यापाराची. त्यांतल्या पुष्कळांनी कापड निवडले. खांद्यावर गठ्ठा टाकून खेडोपाडी फिरण्यापासून सुरुवात झाली, आणि १९५३ मध्ये नियंत्रणे उठल्यावर मोकळ्या झालेल्या बाजारात हा उद्योग भराभर वाढला. पुढे गांधीनगर ही पश्चिम महाराष्ट्र आणि सीमाभागातील खेड्यांपर्यंत माल पुरविणारी कापडाची मोठी घाऊक पेठ झाली.

नियंत्रणोत्तर काळात शिंप्यालाही बरे दिवस आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेने गिरण्यांसाठी ४७० कोटी वारांचे उद्दिष्ट ठेवले होते. १९५५-५६ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन ५०० कोटींच्या पुढे गेले. पॉपलीन आले, विजार आणि बुशशर्ट आले, धोतर मागे पडले आणि पोशाखातील शिवलेला भाग वाढला. साठ-सत्तरच्या दशकांत महाद्वार रोडवर दिवाळीपूर्वी पंधरा दिवस ‘ऑर्डर घेणे बंद’ अशी पाटी लागणे हे चांगल्या शिंप्याचे भूषण मानले जाई. चोळी आणि झबली मात्र बऱ्याच अंशी घरी गेली, कारण टंचाईच्या वर्षांत उसवणे-शिवणे शिकलेल्या गृहिणींनी पुढे शिवणवर्ग केले आणि यंत्रे घेतली. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना या यंत्राने जो आधार दिला, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

त्यानंतर तयार कपडे आले, आणि ते आले प्रामुख्याने घाऊक पेठेतून. शाहू मिलचा भोंगा थांबून वर्षे लोटली. महाद्वारावरच्या ओट्यांवरील यंत्रेही बरीच उठली आहेत. जे शिंपी टिकले, त्यांच्याकडे नव्या कपड्यांपेक्षा तयार कपडे अंगाला बसवून देण्याचे, म्हणजे उंची कमी करणे, कंबर घेणे, साखळी बदलणे असेच काम अधिक येते. उसवून पुन्हा शिवण्याचे ते कसब त्यांच्या आजोबांनी कोट उलटविताना कमावले होते. अस्तर, बटणे आणि दोरा घ्यावयास ते आठवड्यातून एकदा गांधीनगरला जातात.